मातीला आधी काय विचारायचं?

छत्तीसगडमधल्या भिलाईच्या पोलाद कारखान्यात तपासल्याशिवाय काही पुढे सरकत नाही. दल्ली-राजहऱ्याचं लोहखनिज, नंदिनीचा चुनखडक, कोक, भट्टीतून निघालेला लोखंडाचा रस, सगळ्याचे नमुने प्रयोगशाळेत जातात. पोलादाच्या प्रत्येक ‘हीट’मध्ये, म्हणजे खेपेत, कर्ब किती, मँगनीज किती, गंधक आणि फॉस्फरस किती, हे कळल्याखेरीज कुणी पुढचं पाऊल टाकत नाही. त्याच कारखान्याच्या क्वार्टरांमागे परसबागा आहेत, शहराला वेढून धानाच्या बांध्या आहेत. कर्ब, मँगनीज, गंधक, फॉस्फरस हेच घटक तिथेही पीक ठरवतात. पण तिथे ते न मोजता वर्षानुवर्षं पेरणी होते, खताची गोणी शेजाऱ्याकडे पाहून आणली जाते आणि पान पिवळं पडलं की दुकानदार सांगेल ते औषध फवारलं जातं.

योगायोग असा की भिलाईचा कारखाना आणि देशातलं माती परीक्षण यांची सुरुवात साधारण एकाच काळातली आहे. भिलाईच्या कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला २ फेब्रुवारी १९५५ रोजी. त्या वेळी भिलाईचा दुर्ग जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी केलं. इकडे १९५५-५६ मध्येच अमेरिकेच्या सहकार्याने देशात माती परीक्षणाच्या पहिल्या १६ प्रयोगशाळा निघाल्या. पोलादाची तपासणी अंगवळणी पडली, मातीची पडली नाही.

आज माती तपासायचे मार्ग भरपूर आहेत. कृषी विभागाच्या प्रयोगशाळा आहेत, दुर्ग जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र पाहंद्याला आहे, तासाभरावर रायपूरचं इंदिरा गांधी कृषी विद्यापीठ आहे. खासगी प्रयोगशाळा, रंग बदलणारे किट, मोबाइलला जोडायची यंत्रं, मातीत खुपसायचे मीटरही आहेत. त्यामुळे लोक पहिला प्रश्न विचारतात तो ‘कुठून करून घेऊ?’ असा. माझं म्हणणं एवढंच की हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न, मातीला काय विचारायचं आहे? तिचा स्वभाव जाणून घ्यायचाय, तिच्यातलं अन्न मोजायचंय, की तिच्यात नको ते काही मुरलंय का हे पाहायचंय? या तीन प्रश्नांना तीन वेगळ्या चाचण्या लागतात. एकीचं उत्तर दुसरीकडे मागितलं, तर अहवाल बरोबर असूनही फसगत होते.

एका शिवारात चार जमिनी

भिलाईहून उतई-पाटणच्या वाटेला लागलं की जमीन सपाट वाटते, पण ती सपाट नाही. उंचवट्यावर लाल, खडेदार, पाणी न धरणारी भाटा. तिच्याखाली पिवळसर, हलकी मटासी. आणखी उतारावर डोरसा. आणि सगळ्यात खोलगट भागात काळी, चिकट कन्हार, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. कन्हार हे नाव भंडारा-गोंदियाच्या शेतकऱ्यालाही ओळखीचं आहे. रोजगारासाठी विदर्भातून भिलाईत आलेल्या मराठी कुटुंबांना इथली जमीन परकी वाटली नाही, याचं एक कारण हेही असावं.

या चार जमिनी मैलोगणती अंतरावर नसतात. काहीशे मीटरच्या उतारात चारही भेटतात. भाटा आणि मटासी आम्लतेकडे झुकणाऱ्या, लोहाने भरलेल्या. त्यांत घातलेलं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, लोह आणि ॲल्युमिनियम धरून ठेवतात, पिकाला सुटत नाही. कन्हार अन्न आणि पाणी दोन्ही धरते, पण पावसात तिच्यात पाय घालता येत नाही. एकच खत, एकच मात्रा या दोन्हींना सारखी कशी लागू पडेल?

स्वभाव ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. सरळ बाजूंची काचेची बरणी घ्या, तृतीयांश माती, वर पाणी, जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटा-दोन मिनिटांत तळाला बसते, पोयटा दोन-चार तासांत, चिकणमातीला दिवस लागतो. थरांची उंची पट्टीने मोजली की प्रमाण हाती येतं. ओल्या मातीची गोळी अंगठा आणि तर्जनीत दाबून फीत काढून पाहा. मटासीची फीत लगेच तुटते, कन्हारीची बोटभर लांब येते. कोरड्या ढेकळावर व्हिनेगर टाकलं आणि फसफसलं, तर मातीत चुना आहे. भिलाई, नंदिनी, जामुल हा चुनखडकाचा पट्टा आहे, म्हणून ही छोटी परीक्षा इथे विशेष उपयोगाची. आणि वीतभर खड्ड्यात पाणी ओतून ते किती वेळात जिरतं ते पाहा. बागेतलं रोप का मरतं, याचं उत्तर पुष्कळदा या खड्ड्यातच असतं.

अर्ध्या किलोवर सगळी भिस्त

एका हेक्टरची वरची १५ सेंटिमीटर माती साधारण २२ लाख ४० हजार किलो भरते. त्यातली अर्धा किलो प्रयोगशाळेत जाते आणि सेंद्रिय कर्ब काढायला तिथे जेमतेम एक ग्रॅम वापरतात. त्या ग्रॅमवरून बावीस लाख किलोंचा निवाडा होतो. यंत्र कितीही महागडं असो, नमुना चुकला तर ते चुकीच्या मातीचं अचूक उत्तर देणार.

म्हणून नमुना घेणं हेच खरं कौशल्य. शेतात नागमोडी चालत पंधरा-वीस ठिकाणं निवडायची. बांधाजवळ, झाडाखाली, खताच्या ढिगाजवळ, पाटाच्या कडेला, पाणी साचलेल्या जागी खुरपं लावायचं नाही. वरचा काडीकचरा बाजूला सारून इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचा १५ सेंटिमीटर खड्डा करायचा, आतली माती काढून टाकायची आणि मग खड्ड्याच्या भिंतीची वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची कापटी काढायची. सगळ्या कापट्या प्लास्टिकच्या टबात गोळा करायच्या. जस्ताचा मुलामा दिलेली बादली किंवा घमेलं चालत नाही, कारण मातीत नसलेलं जस्त मग अहवालात उगवतं. खताची रिकामी गोणीही वर्ज्य.

मग ती माती स्वच्छ कागदावर पसरून गोल करायची. बोटाने अधिक चिन्हासारख्या दोन रेघा ओढून चार भाग पाडायचे. समोरासमोरचे दोन भाग टाकायचे, उरलेले दोन पुन्हा कालवायचे, पुन्हा गोल, पुन्हा चार भाग. अर्धा किलो उरेपर्यंत हे चालू ठेवायचं. सावलीत सुकवायची, उन्हात नाही. कापडी पिशवीत भरून एक चिठ्ठी आत, एक बाहेर. नाव, गट क्रमांक, आधीचं पीक, पुढचं पीक, पाण्याची सोय. भाटाचा आणि कन्हारीचा नमुना एकत्र करायचा नाही. दोघींची सरासरी काढली तर जी माती तयार होते, ती त्या शेतात कुठेच नसते.

सरकारी जमीन आरोग्य पत्रिकेची मर्यादा नेमकी इथे कळते. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातल्या सूरतगढला शेतकऱ्याला त्याच्या मातीचा अहवाल देणारी ही योजना सुरू झाली. नमुन्यासाठी बागायती भागात अडीच हेक्टरचा आणि कोरडवाहू भागात दहा हेक्टरचा चौकोन धरला गेला. दहा हेक्टरच्या चौकोनाची बाजू सव्वातीनशे मीटरच्या आसपास येते. दुर्गच्या उतारावर तेवढ्यात भाटापासून कन्हारीपर्यंतचा प्रवास होऊ शकतो. देशभराचा नकाशा करायला हा चौकोन उपयोगी आहे. पण हातातल्या पत्रिकेतले आकडे आपल्याच बांधीतले आहेत का, हे प्रत्येक शेतकऱ्याने विचारलं पाहिजे. नसतील तर स्वतःचा नमुना द्यावा.

एक ग्रॅम माती, एक हिरवा रंग

प्रयोगशाळेतली सर्वांत देखणी चाचणी सेंद्रिय कर्बाची. वॉकली आणि ब्लॅक या शास्त्रज्ञांनी १९३४ मध्ये ती सांगितली. एक ग्रॅम चाळलेली माती चंबूत घेतात, त्यात पोटॅशियम डायक्रोमेटचं नारिंगी द्रावण आणि तीव्र गंधकाम्ल घालतात. चंबू तापतो. अर्धा तास तो तसाच ठेवला की मातीतला कर्ब डायक्रोमेटचा काही भाग खाऊन टाकतो. मग पाणी, फॉस्फरिक आम्ल आणि सूचक घातलं की गडद निळा-जांभळा रंग येतो. वरून ब्युरेटमधून थेंब थेंब फेरस अमोनियम सल्फेट पडत राहतं. बराच वेळ काही होत नाही, आणि एका थेंबासरशी सगळा चंबू लखलखीत हिरवा होतो. तो थेंब मोजायचा. कर्ब जितका जास्त, तितका हिरवा रंग लवकर.

कर्ब ०.५ टक्क्याच्या खाली असेल तर कमी, ०.७५ च्या वर असेल तर जास्त. आकडे किरकोळ दिसतात, पण हेक्टरी ०.१ टक्का कर्ब वाढवायचा म्हणजे २,२४० किलो कर्ब मातीत टिकवून ठेवायचा. आपल्या उष्ण हवेत शेणखताचा मोठा भाग कुजून हवेत जातो, म्हणून एका वर्षाच्या खताने आकडा हलत नाही. छत्तीसगडच्या घरोघरी शेणखताचा घुरवा असतो. २० जुलै २०२० रोजी, हरेलीच्या सणाला, राज्याने गोधन न्याय योजनेत दोन रुपये किलोने शेण विकत घ्यायला सुरुवात केली आणि त्याचं गांडूळखत करून विकलं. अशा खताने माती सुधारली का, याचा खरा पुरावा खताच्या विक्रीत नाही. एकाच जागेच्या कर्बाच्या आकड्यात तो वर्षानुवर्षं मिळत राहतो.

जमीन आरोग्य पत्रिकेत एकूण बारा गोष्टी असतात: सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज आणि बोरॉन. वाचताना दोन गोष्टी प्रयोगशाळेला विचाराव्यात. पहिली, नत्र खरंच मोजलंय का? कित्येक ठिकाणी ते कर्बावरून अंदाजाने काढतात. दुसरी, स्फुरद कोणत्या पद्धतीने काढलं? उदासीन आणि विम्ल जमिनीला ओल्सनची पद्धत, आम्लधर्मी जमिनीला ब्रेची. दोन पद्धतींचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून तुलना करता येत नाही.

धानाची बांधी तर आणखी एक गुंतागुंत घेऊन येते. पाणी साचलं की मातीतली हवा संपते, लोह विरघळतं आणि त्याने धरून ठेवलेलं स्फुरद सुटतं. आम्ल जमिनीचा सामूही उदासीनतेकडे सरकतो. म्हणजे कोरड्या नमुन्यात स्फुरद कमी दिसलं, तरी उभ्या धानाला ते पुरू शकतं. त्याच बांधीत उतेऱ्याने, म्हणजे उभ्या धानातच पेरून, लाखोळी किंवा नंतर हरभरा घेतला, तर पाणी उतरल्यावर तेच स्फुरद पुन्हा बांधलं जातं. म्हणून चिठ्ठीवर पुढच्या पिकाचं नाव लिहिणं महत्त्वाचं. बी. राममूर्ती यांनी १९६७ मध्ये मांडलेली, इतकं उत्पादन हवं असेल तर या मातीला इतकं खत, अशी हिशेबाची पद्धत याच जाणिवेतून आली. रायपूरच्या विद्यापीठात त्यावर काम चालतं.

जस्ताचं उलट आहे. पाणी साचलं की ते धानाला कमी मिळतं. हिमालयाच्या पायथ्याच्या तराईतल्या भातावर तपकिरी डाग पडायचे, रोपं खुजी राहायची. त्याला ‘खैरा’ म्हणत. तो रोग जंतूंचा नाही, जस्ताच्या कमतरतेचा आहे, हे पंतनगरच्या डॉ. यशवंत लक्ष्मण नेने यांनी १९६६ मध्ये दाखवून दिलं. मातीत किलोमागे ०.६ मिलिग्रॅमपेक्षा कमी उपलब्ध जस्त असेल तर हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट देतात. हा आकडा माहीत नसेल, तर शेतकरी युरियाची आणखी एक गोणी टाकतो आणि डाग तसेच राहतात.

गंधकाचा रकाना भिलाईकरांनी मुद्दाम वाचावा. कोक भट्टीतल्या वायूतला अमोनिया गंधकाम्लात पकडून अमोनियम सल्फेट तयार होतं. भिलाईचा कारखाना चालवणाऱ्या स्टील अथॉरिटीचं ते खत ‘राजा’ नावाने विकलं जातं. त्यात नत्र २०.६ टक्के आणि गंधक सुमारे २३ टक्के. गंधक कमी असलेल्या आणि चुना असलेल्या मातीला ते मानवतं. आम्ल मटासीत मात्र वर्षानुवर्षं तेच टाकलं तर आम्लता वाढते. खत एकच, एका जमिनीला लाभतं, दुसरीला बाधतं.

नव्वद सेकंदांचं यंत्र

तयार किटमध्ये मातीच्या द्रावणाचा रंग छापील पट्टीशी जुळवायचा असतो. सामू आणि ढोबळ नत्र, स्फुरद, पालाश यांची ‘कमी-मध्यम-जास्त’ अशी कल्पना त्यातून येते. भोपाळच्या भारतीय मृदा विज्ञान संस्थेने तयार केलेलं ‘मृदापरीक्षक’ ही त्यापुढची पायरी. पेटीत मावणारी ही प्रयोगशाळा गावातल्या प्रशिक्षित तरुणाला चालवता येते. कानपूरच्या आयआयटीने २०२१ मध्ये ‘भू परीक्षक’ आणलं. पाच ग्रॅम कोरड्या मातीवर अवरक्त किरण टाकून नव्वद सेकंदांत मोबाइलवर उत्तर. किरणांवरून काढलेला तो अंदाज असतो आणि ज्या प्रकारच्या मातींवर यंत्र शिकवलंय, त्या मातींत तो भरवशाचा ठरतो. म्हणून पहिल्या वर्षी दोन-तीन नमुने रीतसर प्रयोगशाळेतही देऊन ताडून पाहणं शहाणपणाचं.

ऑनलाइन मिळणाऱ्या खुपसायच्या स्वस्त मीटरांबद्दल मात्र स्पष्ट सांगायला हवं. नत्र-स्फुरद-पालाश दाखवणारे हे मीटर मुळात मातीची विद्युतवाहकता मोजतात आणि त्यावरून तिन्ही आकडे बसवतात. त्यावर खताचा निर्णय घेऊ नये.

क्वार्टरमागची बाग

सेक्टरमधल्या क्वार्टरामागे तुरई, वाल, पालक, कढीलिंब, लिंबू, जास्वंद. ही परसबाग म्हणजे भिलाईच्या संसारातली हौस आणि बचत, दोन्ही. पण तिथली माती भाटाही नाही आणि मटासीही नाही. घरं बांधताना टाकलेला मुरूम, विटांचे तुकडे, सिमेंटचा गिलावा, वरून आणून टाकलेली दोन ट्रॉल्या माती, असे थर त्यात सापडतात. सिमेंटच्या चुन्याने सामू चढतो आणि लोह, जस्त मातीत असूनही मुळांना मिळत नाही. देशाला लोखंड पुरवणाऱ्या गावात लिंबाची कोवळी पानं लोहाअभावी पिवळी पडतात, फक्त शिरा हिरव्या राहतात. तिथे लोहाचं खत ओतण्याआधी सामू मोजावा. ऊर्ध्वपातित पाण्यात माती ढवळून पीएच पेपर बुडवला तरी पहिली दिशा कळते.

आता तिसरा प्रश्न, नको असलेल्या गोष्टींचा. भिलाईची माती विषारी आहे, असं मी म्हणत नाही. मी म्हणते, जिथे अर्धशतकाहून अधिक काळ भट्ट्या, सिमेंट, कोळशाची राख आणि रहदारी एकत्र आहे, तिथे भाजी पिकवणाऱ्याने एकदा तपासून घ्यावं. देशात शिसेयुक्त पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून बंद झालं. घरगुती रंगांतल्या शिशावर दशलक्षात ९० भागांची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून आली. त्याआधीची धूळ आणि जुन्या भिंतींचे पोपडे मात्र मातीतच राहतात, शिसं कुजत नाही. अमेरिकेत घराजवळच्या मातीतल्या शिशाची सावधगिरीची पातळी बरीच वर्षं दशलक्षात ४०० भाग होती. २०२४ मध्ये ती २०० वर आणली.

जमीन आरोग्य पत्रिकेच्या बारा रकान्यांत शिसं, कॅडमियम, क्रोमियम, आर्सेनिक यांपैकी एकही नाही. पत्रिका ‘उत्तम’ म्हणत असली तरी या प्रश्नावर ती गप्पच असते. त्यासाठी एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत जाऊन ‘एकूण जड धातू’ अशी चाचणी नावाने मागावी लागते आणि तिला खर्चही जास्त येतो. नमुना भिंतीलगतचा वेगळा, वाफ्यातला वेगळा. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी वापरत असाल तर तेही द्यावं. राजनांदगावच्या दक्षिणेला, अंबागड चौकीजवळच्या कौडीकसा परिसरात खडकातून भूजलात उतरलेलं आर्सेनिक १९९९ मध्ये उघडकीस आलं, तेव्हा वरून जमीन हिरवीगारच दिसत होती.

धातू जास्त निघाले म्हणून बाग मोडायची गरज नसते. पालेभाज्या आणि मुळा-गाजरं लांब नेऊन तिथे टोमॅटो, वांगी, वालासारख्या फळभाज्या लावाव्यात. स्वच्छ माती आणि कंपोस्ट भरून उंच वाफे करावेत. सामू उदासीन ठेवावा, उघडी जमीन पाल्याने झाकावी, भाजी नीट धुवावी. शिसं बहुधा झाडातून कमी आणि धुळीतून जास्त पोटात जातं, म्हणून लहान मुलांचे मातीचे हात धुणं हाही उपायांतलाच एक भाग.

अहवाल हाती आल्यावर

चाचणीची किंमत वसूल होते ती एखादा निर्णय बदलला तरच. नत्र हेक्टरी २८० किलोच्या खाली असेल तर धानाची मात्रा साधारण पाव हिस्सा वाढवतात, जास्त असेल तर तेवढीच कमी करतात. शंभर किलो नत्राच्या शिफारशीत हा पाव हिस्सा म्हणजे ५४ किलो युरिया, पंचेचाळीस किलोच्या एका गोणीहून थोडा जास्त. अनुदानामुळे युरिया इतका स्वस्त आहे की ही गोणी वाचवावी असं वाटत नाही. पण जादा नत्राने धान लोळतं, किडी वाढतात आणि उरलेलं नत्र भूजलात उतरतं. तो खर्च पावतीवर छापलेला नसतो.

यंत्रणेकडेही मागायला हवं. नमुना शेतकऱ्यासमोर आणि त्याच्याच बांधीतून घेतला जावा. अहवालावर पद्धतीचं नाव असावं. आणि औद्योगिक शहरांतल्या बागाईतदारांना जड धातूंची चाचणी परवडेल अशा दरात मिळावी. धातू मोजण्याचं ज्ञान आणि माणसं भिलाईत कमी नाहीत. पोलादासाठी जी शिस्त या गावाने अंगी बाणवली, ती मातीसाठी वापरणं अवघड नाही.

दुर्ग, गोंदिया, भंडाऱ्याच्या बांध्यांत धानाची कापणी उरकत आली की नमुन्याची वेळ येते. रब्बीचं खत पडण्याआधीचे हे दिवस नमुन्यासाठी सर्वांत चांगले. आधी एक प्रश्न कागदावर लिहा: हरभऱ्याला स्फुरद पुरेल का, लिंबू पिवळं का, मुलांना या वाफ्यातला पालक द्यावा का. त्या प्रश्नाला उत्तर देईल तीच चाचणी निवडा, नीट नमुना द्या आणि अहवाल सातबाऱ्याबरोबर जपून ठेवा. तीन वर्षांनी त्याच जागेची माती पुन्हा द्या. दुसऱ्या अहवालापासून खरी माहिती सुरू होते, कारण आपण मातीचं भलं करतोय की नुकसान, हे पहिल्यांदा त्यात दिसतं.